दुखऱ्यांची तालीम

आमच्या घरात एक पाट आहे. साधाच, सागवानी, पण त्याला खाली विटेएवढे उंच पाय आहेत. जेवायला बसताना पाहुणे त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, हा असा काय? नातवंडं त्याला घोडा करतात. सुनेनं दोनदा तो अडगळीत टाकायचा घाट घातला आणि दोनदा मी तो परत आणला. आता माझी सत्तरी उलटली आहे, तेव्हा त्या पाटाची हकिकत एकदा लिहून ठेवतो. माझ्यामागं तो चुलीत जाऊ नये एवढाच हेतू.

गोष्ट मोंगलाईतली. निजामाची अमदानी संपत आली होती, पण ते आम्हाला कुठं ठाऊक? मी मूळचा लातूरचा. नोकरीसाठी नांदेडला आलो आणि तहसील कचेरीत कारकून झालो. तेव्हाच्या भाषेत अहलकार. कामकाज सगळं उर्दूत, आणि माझं उर्दू अक्षर वळणदार, म्हणून तहसीलदारसाहेबांची माझ्यावर मर्जी होती. ती होती म्हणूनच नोकरी टिकली, कारण अडतिसाव्या वर्षी माझी कंबर गेली.

कशानं गेली ते मला आजही नीट सांगता येत नाही. एका सकाळी फडताळातून कागदांचा एक बस्ता खाली घेतला. तो काही जड नव्हता. पण कंबरेत कट्‌ झालं आणि मी तिथंच भिंत धरून उभा राहिलो. आठ दिवसांत बरं वाटेल असं सगळे म्हणाले. आठ दिवसांचे आठ महिने झाले, मग दोन वर्षं. मला चालता यायचं, उभं राहता यायचं, पाठीवर पडता यायचं. बसता मात्र येत नव्हतं. मांडी घातली की कंबरेपासून टाचेपर्यंत विस्तवाची रेघ ओढल्यासारखी कळ जायची आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची.

उपाय सगळे झाले. वैद्यांचे काढे झाले, हकिमांचे लेप झाले, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. किनवटकडून आलेल्या एका माणसानं कंबरेवर बिब्ब्याचे डाग दिले. ते डाग अजून आहेत आणि दुखणंही आहे, दोघांनी एकमेकांना काहीही त्रास दिलेला नाही. कचेरीत साहेबांनी मला एक उंच मेज करून दिलं आणि मी दिवसभर उभ्यानं लिहू लागलो. लोक मला ‘उभे अहलकार’ म्हणू लागले. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल इतपत.

त्याहून वाईट होतं ते जेवणाचं. घरात मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर पान ठेवून, भिंतीकडे तोंड करून, उभ्यानं जेवायचो. कुणी आलं की जेवलो नाही तरी चालेल, पण या अवस्थेत दिसायला नको असं वाटायचं. एकदा लातूरहून माझे थोरले बंधू आले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी मला तसं जेवताना पाहिलं आणि म्हणाले, "उभ्यानं घोड्यानं खावं रे. माणसानं न्हाई."

ते दुष्टपणानं बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून मी दार लावून जेवू लागलो.

मुलगा तेव्हा लहान होता, आणि मुलगी एकच. दिवाळीत तिचं लग्न ठरलं आणि वैशाखातला मुहूर्त निघाला. सोयरीक जमल्याचा आनंद चार दिवस टिकला, पाचव्या दिवशी अण्णांचं पत्र आलं. त्यांनी सरळ लिहिलं होतं, की कन्यादानाला पाटावर दोन-अडीच तास बसावं लागतं, ते तुझ्यानं होणार नाही, तेव्हा मी आणि तुझी वहिनी बसू. तू काळजी करू नकोस. पत्रात चूक काहीच नव्हती. बापाला जमत नसलं तर चुलत्यानं कन्यादान करायचं हा रिवाजच आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

संध्याकाळी मी पालथा पडलो होतो आणि मुलगी रोजच्यासारखी तेल लावून तळहातानं माझी कंबर दाबत होती. तिला पत्र माहीत होतं. आईनं सांगितलं असणार. दाबता दाबता ती म्हणाली, "बाबा, उभं राहून दिलं तर चालत नाही का हो?"

उभं राहून कन्यादान झाल्याचं कुणी ऐकलं आहे का? मी हसलो. तीही हसली. मग तिचे हात थांबले, आणि माझ्या पाठीवर काहीतरी गरम टपकलं. ते तेल नव्हतं.

त्याच आठवड्यात कचेरीत पोलिसातले एक पेन्शनर जमादार आले. दोन्ही गुडघ्यांनी अधू झालेला, मिशा मात्र शाबूत असलेला माणूस. मी उभ्यानं त्यांचा कागद लिहीत होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उभ्या उभ्या किती दिवस काढणार मुन्शीजी? उद्या सकाळी माझ्यासंगं तालमीत चला."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. ज्याला पाटावर बसता येत नाही तो तालमीत जाऊन काय करणार? पण ते गंभीर होते. तालमीचे वस्ताद सकाळी पैलवान पोरं गेल्यावर तासभर दुखणेकऱ्यांना घेऊन बसतात असं त्यांनी सांगितलं. त्या तासाला गावात नाव पडलं होतं ‘दुखऱ्यांची तालीम’.

कुटुंबानं जुन्या धोतराचा लंगोट शिवून दिला आणि शिवता शिवता दोनदा पदर तोंडाला लावला. मी तिला दोष देत नाही. वळणदार अक्षराचा, बरगड्या मोजाव्यात असा मुन्शी लंगोट लावून कसा दिसतो हे मी आरशात बघितलं होतं.

तालीम गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात होती. दार अरुंद, अंग चोरूनच आत जावं लागायचं. आत अर्धा अंधार, आणि मध्ये लाल मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस असं काय काय वर्षानुवर्षं जिरलेलं. तिचा वास आधी नाकाला आणि मग थेट काळजाला लागायचा. कोनाड्यात मारुती, आणि वस्ताद मुसलमान. याचं तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हतं.

वस्ताद हौद्याच्या कडेला लाकडी खांबाशी उभे होते. साठी ओलांडलेला, रुंद छातीचा, मुडपलेल्या कानांचा माणूस, हातात एक लांब काठी. हौद्यात उतरताना प्रत्येक जण वाकून माती कपाळाला लावत होता. वस्तादांसाठी मात्र एक पोरगा चिमूटभर माती तळहातावर घेऊन वर करायचा आणि ते ती बोटानं टिपून कपाळाला लावायचे. त्यांचं तेलाचं भांडंसुद्धा छातीएवढ्या उंच कोनाड्यात होतं. वस्तादांचा मानच तसा, असं मी समजलो.

मी माझी सगळी कहाणी पाठ करून गेलो होतो. कुठं दुखतं, केव्हापासून, कोणकोणते उपाय झाले. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कवा दुखत न्हाई?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आठवून आठवून मी म्हणालो, "पाठीवर पडून गुडघे वर घेतले की जरा थांबतं."

"मग तितनंच सुरू करू," ते म्हणाले. "पडा मातीत. काय बी करू नका. निस्तं पडा."

मी पडलो. माती गार होती आणि मऊ होती, आणि माझ्या पाठीचा जो जो उंचसखल भाग होता तिथं तिथं ती आपणहून जाऊन बसली. दोन वर्षं मी माझं अंग स्वतःच धरून उभा होतो. त्या सकाळी ते पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी धरलं. माझे डोळे भरून आले आणि पाणी कानात गेलं. शेजारी जमादार आपल्या गुडघ्यांखाली मातीचे उंचवटे करून आढ्याकडे बघत पडले होते. पलीकडे बांगड्यांचा व्यापार करणारे एक म्हातारे मणियार होते, त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कुणी काही बोलत नव्हतं. एवढ्या दुखऱ्या माणसांत इतकी शांतता असू शकते याचं मला फार नवल वाटलं.

मग वस्तादांनी मला एक गुडघा वीतभर डावीकडे झुकवायला सांगितला. परत आणायला. उजवा झुकवायला. श्वास सोडत झुकवायचा, घेत आणायचा. असं चार-पाच वेळा झालं. दुखलं नाही. मला हुरूप आला.

"आजून करावंसं वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"हाव!" मी म्हणालो.

"मग उठा. झालं आजचं."

माझा चेहरा पडला असावा. ते म्हणाले, "मुन्शीजी, हितं भूक ठेवून उठायचं. पोट भरून खाल्लं का दुसऱ्या दिवशी ताट बघवत न्हाई." त्या तालमीचा तो एकच कायदा होता. हुरूप आला की थांबायचं.

पुढचे महिने मी रोज सकाळी जात राहिलो आणि रोज थक्क होत राहिलो. एक काम आम्हा दुखऱ्यांकडे होतं, मातीतले खडे वेचायचं. हौद्यात रांगत जायचं, दोन्ही तळहात मातीत खुपसून सावकाश पुढं न्यायचे आणि बारीक खडा, काटकी, खापरीचा तुकडा लागला की काढून कडेला टाकायचा. मला वाटायचं, फुकट शिकतो आहोत, तेव्हा तालमीची एवढी सेवा करायलाच हवी. महिन्याभरानं लक्षात आलं, की रांगता रांगता माझी कंबर वर-खाली, डावी-उजवी होऊन राहिली आहे, आणि मला त्याचा पत्ताच नाही. मणियारांचा हात तर खड्यांच्या मागं मागं इतका लांब जायला लागला, की एके दिवशी त्यांनी सहज कोनाड्यातला दिवा उचलला आणि मग स्वतःच्या हाताकडेच बघत उभे राहिले.

एकदा मी लवकर गेलो, तेव्हा पोरांची कुस्ती चालू होती. एकानं दुसऱ्याला डोक्यावरून उचलून धाड्‌कन पाठीवर टाकलं. मी डोळेच मिटले. उघडून बघतो तर पडलेला पोरगा हसत हसत माती झटकून उठत होता. तो नेमका तिथं पडला होता जिथं आदल्या सकाळी माझे हात फिरले होते. ज्याला धड बसता येत नाही त्याच्या हातांनी चाळलेल्या मातीवर हे गडी बिनधास्त पडत होते. मला माझ्या दोन तळहातांबद्दल आदर वाटला. असा आदर मला माझ्या अक्षराबद्दलही कधी वाटला नव्हता.

आणि वस्तादांची काठी! ती मारायला नव्हती. मी रांगत असलो की ते मागून काठीचं टोक हलकेच माझ्या पाठीला टेकवायचे आणि म्हणायचे, "हितं." तिथंच असायचं. डावीकडे नाही, वर नाही, नेमकं तिथंच. माझ्या दुखण्याचा पत्ता मलासुद्धा इतका बरोबर माहीत नव्हता. मी एकदा विचारलं, की वस्ताद, तुम्हाला हे कळतं कसं? ते म्हणाले, "वळखीचं हाय."

पुसाच्या महिन्यात त्यांनी माझ्यासाठी सात विटा मागवल्या. विटा एकावर एक रचल्या, वर पोतं टाकलं आणि मला त्यावर बसायला सांगितलं. मी घाबरत टेकलो. सात विटांवर बसणं हे जवळजवळ उभं राहणंच होतं, पण तरी ते बसणं होतं. दोन वर्षांनी मी बसलो होतो! दहा श्वास झाले की काठी खांबावर वाजली, उठा. पंधरा-वीस दिवस तसे गेले आणि मग एके सकाळी त्यांनी जमादारांना खूण केली. जमादारांनी एक वीट काढली. सहा. अशा विटा कमी होत गेल्या. मुलगी रोज मी घरात शिरलो की विचारायची, "बाबा, किती विटा?" आणि मी बोटं वर करायचो. शिमग्यापर्यंत तीन राहिल्या. गुढीपाडव्याला दोन.

वैशाख महिन्यावर आला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरीचा बापच उतावळा झाला. मी हिशेब केला, की या चालीनं आपण जमिनीला लागणार नाही. अण्णांना मी मोठ्या ऐटीत कळवून बसलो होतो, की कन्यादान मीच करणार. तेव्हा एका दुपारी घरात कुणी नसताना मी दार लावलं, सतरंजी टाकली आणि बिनविटेचा, सरळ जमिनीवर मांडी घालून बसलो. दात आवळून बसलो. पहिल्यांदा जमलं म्हणून आनंद झाला, आणि त्या आनंदात आणखी बसलो. कायदा मोडला. उठायला गेलो तेव्हा उठता आलं नाही.

त्यानंतर दहा दिवस मी अंथरुणात होतो. कुशीवर वळताना ओरडायचो. मुलगी विटांचं विचारेनाशी झाली. अण्णांना बोलावून घ्या, तेच बसतील, असं मी कुटुंबाला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला सगळ्यांचा राग आला होता, वस्तादांचासुद्धा. कशाला त्यांनी मला आशा लावली?

अकराव्या दिवशी ते स्वतः घरी आले. दारातच उभे राहिले. कुटुंबानं आतून पाट पाठवला, तर म्हणाले, "न्हाई, बसत न्हाई, जायचं हाय." मी पडल्या पडल्या सगळं कबूल केलं. वाटलं, आता झाडणार. त्यांनी फक्त विचारलं, "किती विटा व्हत्या?"

"दोन."

"पाच ठेवा परत. उद्यापासनं."

"वस्ताद, पण लग्न..."

"लग्नाचं लग्नाला बघू." मग म्हणाले, "मुन्शीजी, दुखणं म्हंजे सासू हाय. तिला घराभाईर काढता येत न्हाई. तिच्या कलानं घ्यावं लागतंय. तुम्ही तिच्याशी भांडाया गेलात."

दाराआड कुटुंब खुदकन हसलं. तिची सासू, म्हणजे माझी आई, अण्णांकडे लातूरला होती, म्हणून हसता आलं. त्या घरात दहा दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

मी परत पाच विटांपासून सुरुवात केली. पाच, चार, तीन, दोन. या खेपेला वाट अंगाच्या ओळखीची होती, विटा भराभर उतरल्या. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मी एका विटेवर होतो, आणि त्या एका विटेवर मला घटका-दोन घटका बसता येत होतं. ती शेवटची वीट मात्र निघेना. काढली की कळ यायची. मी हताश होऊन वस्तादांकडे पाहिलं. ते काठीनं त्या विटेला टोचत विचार करत होते. मग म्हणाले, "तुमच्या शास्त्रात पाट किती उंच असावा, लिवलंय का?"

मी आमच्या भटजींना विचारलं. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि सांगितलं, की पाटाच्या उंचीविषयी कुठं काही वाचल्याचं आठवत नाही. मात्र एक आहे. जावई त्या वेळी देवाच्या ठिकाणी, तेव्हा सासऱ्यानं त्याच्यापेक्षा उंच बसू नये. झालं! मग जावयाचाही पाट उंच, मग मुलीचाही, मग कुटुंबाचाही. सुतारानं विटेएवढ्या पायांचे चार पाट करून दिले. अण्णा लातूरहून मोटारीनं आले, त्यांनी ते चार पाट बघितले आणि कपाळाला हात लावला. वरपक्षाला वाटलं, नांदेडकडची ही काहीतरी खास रीत असावी. त्यांनी मोठ्या आदरानं ते मान्य केलं.

लग्नाच्या दिवशी मी पाटावर बसलो.

मंडपात ऊन तापलं होतं. मंत्र चालू होते. पहिला अर्धा तास बरा गेला, मग सासूबाई आल्या. कंबरेतून हळूच निघाल्या आणि मांडीच्या मागं येऊन बसल्या. मी भांडलो नाही. तालमीत शिकवलं होतं तसं बसल्या बसल्या भार डाव्या बाजूवर घेतला, श्वास सोडला. उजव्या बाजूवर घेतला, श्वास सोडला. बाहेरून कुणाला कळण्यासारखं नव्हतं. मुलीची ओंजळ माझ्या हातात आली. कुटुंब वरून पाण्याची धार धरत होतं आणि ते गार पाणी आमच्या हातांतून खाली पडत होतं. मुंडावळ्यांआडून, मान खाली घालून, मुलगी अगदी हळू म्हणाली, "बाबा, किती विटा?"

"एक," मी म्हणालो.

तिची बोटं माझ्या हातात घट्ट झाली. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वेळ बसलो असेन, पण बसणं ही एवढी मोठी गोष्ट असते हे मला त्या क्षणी कळलं. एवढ्या हाडांनी, एवढ्या शिरांनी, एवढ्या माणसांनी मिळून मला तिथं बसवलं होतं. मी मान वर करून पाहिलं. मंडपाच्या कडेला, खांबाशी, काठी घेऊन वस्ताद उभे होते. सारा वेळ ते उभेच होते.

कन्यादान पार पडलं. मग पंगती बसल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं आमची पंगत आत, आणि मुसलमान मंडळींची बाहेर ओट्यावर. रांगोळी तिथंही घातली होती, पाट तिथंही मांडले होते, वाढणारी माणसं तीच होती. पण जागा वेगळी होती हे खरं. ओट्यावर मणियार बसले, आणखी चौघं-पाचजण बसले. वस्तादांचं पान सगळ्यांत मानाच्या जागी होतं. ते काही बसेनात. भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "होऊ द्या सगळ्यांचं. मी जाईन आता."

अण्णा धावत आत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "वस्ताद रुसले रे. भाईर बसवलं त्याचा राग आला त्यांना. न जेवता निघाले."

दिवस चांगले नव्हते. गावात कुजबूज वाढली होती, कालपर्यंत एका ओट्यावर गप्पा मारणारी माणसं जपून बोलू लागली होती. अशात ज्या माणसानं मला आज पाटावर बसवलं, त्यालाच मी दाराबाहेर पान मांडलं! मी तसाच उठलो, ओट्यावर गेलो आणि सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणालो, "वस्ताद, चुकलं माझं. आत चला. माझ्या शेजारी बसा. ज्याला विटाळ वाटेल त्यानं उठून जावं."

वस्ताद हसले.

"आत काय आन् भाईर काय, मुन्शीजी," ते म्हणाले. "मला बसताच येत न्हाई."

मला कळलंच नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "एका फडात कुस्ती लावली व्हती, तितं पडलो. सतरा वर्सं झाली. पयलं वाकता येईना, मंग बसता येईना. आता कंबर म्हंजे निस्ता खांब. रात्री उंच बाजेवर आडवा व्हतो, तेवढंच. दुसऱ्याच्या घरी उभ्यानं कसं जेवावं? लाज वाटती. म्हून कुणाच्या घरी जेवतच न्हाई मी."

तळहातावरून उचललेली माती. छातीएवढ्या कोनाड्यातलं तेल. काठी. आमच्या दारातलं ते "बसत न्हाई, जायचं हाय." सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून उभ्यानं जेवलेला मी, आणि सहा महिने रोज तासभर ह्या माणसासमोर असून मला ते दिसलं नव्हतं! मी त्यांचा मान बघत राहिलो, त्यांची कंबर मला दिसली नाही. याची शरम मला आजही आहे.

"मग मला बसायला शिकवलंत कसं?" मी विचारलं.

"बसणं कसं असतंय ते ध्यानात हाय की माझ्या," ते म्हणाले. "तुम्ही एकेक वीट खाली येत व्हता, तवा मी बी संगं येत व्हतो."

मी आत गेलो, मंडपातले ते चार उंच पाट दोन खेपांत उचलून आणले आणि ओट्याच्या कठड्यावर एकावर एक रचले. ते बरोबर वस्तादांच्या छातीला आले. त्यावर मी दोन पानं शेजारी शेजारी मांडली, वाढप्याकडून भात, वरण, पुरणपोळी घेतली, आणि त्यांच्या बाजूला उभा राहिलो. मुलीचा बाप, अंगावर सोवळं, भर पंगतीत, उभ्यानं. सगळी पंगत हात थांबवून बघत होती. मी पहिला घास घेतला. या खेपेला माझं तोंड भिंतीकडे नव्हतं.

अण्णा दारात उभे होते. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. ते आत निघून गेले तेव्हा मला वाटलं, संपलं, आता हे लातूरला जातील ते परत येणार नाहीत. पण ते बाहेर आले ते तुपाचं भांडं घेऊन. आधी वस्तादांच्या भातावर धार धरली, मग माझ्या. भांडं त्यांनी जरा जास्तच तिरकं केलं आणि तूप भातावरून पानात उतरलं.

मी सवयीनं पुरे म्हणणार होतो. वस्तादांनी काठी कोपराशी टेकवली, मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आज भूक ठेवायची न्हाई, मुन्शीजी. आज पोटभर."